मैदानावर सगळ्या तू

वान्ने-आयकेल, ३ नोव्हेंबर

फ्राऊ एडेलट्राउड गोर्नी यांना,

पाकिटावरचं नाव वाचूनही तुम्ही हे पत्र फाडलं नसेल तर आभारी आहे. फाडलं असेल तर प्रश्नच मिटला.

कामापुरतंच लिहिते आहे. आपलं फुटबॉलचं जुनं, कोळशाच्या राखेचं मैदान आता जाणार. खोटं गवत मंजूर झालंय, डिसेंबरात खोदकाम सुरू होईल. पोरी खूश आहेत. त्यांना आता राखेत गुडघे सोलून घ्यायला नकोत, आणि मलाही त्यांच्या आयांचे फोन नकोत. मैदानाबरोबर मागच्या कोपऱ्यातला फाशीचा खांबही जाणार. हे नाव ऐकलं की नव्या पोरी हसतात. त्यांना वाटतं म्हातारी मुद्दाम घाबरवते. आता तुम्हीच सांगा, उंच लोखंडी खांब, त्याला वर आडवा हात, हाताला दोरी, दोरीला लटकवलेला चेंडू आणि खाली उड्या मारमारून त्याला डोकं हाणणारी बाई. याला आपण दुसरं काय म्हणणार होतो? सगळीकडे तेच म्हणायचे.

तर काम असं आहे. गेले काही आठवडे, उजेड जायच्या सुमाराला, त्या खांबाशी कोणीतरी हेडर मारतंय. मी आत जर्सींच्या घड्या घालत असते तेव्हा आवाज येतो. धप्प, धप्प. मग श्वास घेण्यापुरता खंड. मग एकच धप्प. बाहेर जावं तर माणूस नाही, दोरी मात्र हलत असते. टपरीवाला एर्कान म्हणतो, वारा आहे. मी त्याला विचारलं, वाऱ्याला दोन मारून दम खायची आणि मग तिसरा मारायची सवय असते का? तर म्हणाला, ट्रेनर, तू जरा सुट्टी घे.

ती सवय मी आयुष्यात एकाच बाईची पाहिली. म्हणून विचारते, फ्राऊ गोर्नी, तुम्ही उत्तरेहून इथवर येऊन गुपचूप सराव करता आहात का? करत असाल तर माझी हरकत नाही. पण फाटकातून या. कुंपणाची तार आधीच वाकली आहे आणि किल्ली एर्कानकडे असते. आणि तुम्ही नसाल, तर तसं एका ओळीत कळवा. एवढ्या वर्षांनी एक ओळ काही जड जाऊ नये.

आपली,
अन्नेग्रेट सोबोटा, प्रशिक्षक


वान्ने-आयकेल, १९ नोव्हेंबर

फ्राऊ गोर्नी,

उत्तर नाही. बरं.

मी वाट बघत होते असं समजू नका. पत्रपेटी रोज उघडावीच लागते, जाहिराती साठतात.

हे तुम्ही तुम्ही लिहिताना माझा हात दुखतो, हे मात्र खरं. पहिल्या दिवशीही मी तुम्हाला तुम्हीच म्हटलं होतं, आठवतं? मी बेकरीत नुकती लागलेली पोर. भावाचे बूट घालून आले होते, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. गिऱ्हाइकाशी बोलायची तीच भाषा मी मैदानावर घेऊन आले. कॉर्नरजवळून ओरडले, "कुमारी गोर्नी, तुम्ही जरा चेंडू इकडे देता का?" वाक्य संपेपर्यंत चेंडू बाहेर गेला आणि समोरच्या पोरीसुद्धा पोट धरून खाली बसल्या. तुम्ही राख झटकत आलात आणि हात पुढे केलात.

"मी ट्राउडे. मैदानावर सगळ्या तू. तुम्ही म्हणेस्तोवर गोल होतो बाई."

तू हे वयाने मोठ्या माणसाने द्यायचं असतं, लहानाने मागायचं नसतं. आईने मला हे शिकवलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी तिला सांगितलं की ट्राम डेपोतल्या गोर्नीने मला तू दिलं. आई म्हणाली, मग नीट जप, ते काही दर रविवारी मिळत नाही. दिलेलं कोणी परत घेत नाही, हेही मी तेव्हा धरून चालले होते.

बायकांना मैदान द्यायचं नाही हा नियम उठून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. क्लबातल्या म्हाताऱ्यांना तो उठल्याचं कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. पुरुषांचा सराव आटोपला की उरलेला उजेड आपला. जर्सी त्यांच्या जुन्या, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या. राखेचे काळे कण माझ्या उजव्या गुडघ्यात अजून आहेत. परवा नव्या डॉक्टरने विचारलं, हे काय? म्हटलं, माझं करिअर.

आणि करिअर म्हणजे काय होतं हो? कॉर्नर आला की तुम्ही सगळ्यांच्या वर उडायचात, चेंडू कपाळाने खाली पाडायचात आणि मी तो पायाने आत ढकलायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव. सोबोटाचा गोल, सोबोटाची कमाल. देशाच्या संघानेही मलाच बोलावलं. तुम्ही स्टेशनवर पोचवायला आलात, उकडलेली अंडी रुमालात बांधून दिलीत, आणि गाडी हलली तेव्हा खिडकीशी धावत म्हणालात, "तिकडे तुला खाली पाडून कोण देणार गं?" कोणी दिलं नाही. काळा-पांढरा शर्ट घालून मी बरीच धावले, गोल मात्र बोटांवर मोजण्याइतके. परत आले की तुम्ही विचारायचात, काय झालं, तिकडच्या बायकांना डोकी नाहीत?

मग माझा गुडघा गेला. प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केला, तिथे मी एकटी बाई, पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे कॉफी मागितली. आणि ज्या पोरींबरोबर राखेत लोळले त्यांचीच मी ट्रेनर झाले. तुम्ही अजून खेळत होतात. वरच्या लीगमध्ये चढायचा शेवटचा सामना आला, आणि मी तुम्हाला संघाबाहेर ठेवलं. सगळ्यांसमोर म्हटलं, ट्राउडे, तुझे पाय जड झालेत.

तो सामना आपण जिंकलो, तेवढंच वाईट झालं. हरलो असतो तर तुम्ही मला चार शिव्या घातल्या असत्यात आणि बिअर पाजली असती. तुम्ही मात्र केस विंचरून, घरचे कपडे घालून ड्रेसिंग रूममध्ये आलात आणि माझा हात हातात घेतलात. "अभिनंदन, फ्राऊ सोबोटा. तुम्ही बरोबर ठरलात." मला वाटलं गंमत करताय. मी हसलेसुद्धा. मग बाकीच्यांची तोंडं पाहिली आणि माझं हसू तिथंच राहिलं.

आपल्या भागात लोक पोलिसालासुद्धा तू म्हणतात. आणि आपण दोघी एका गल्लीत राहून, एका बेकरीत पाव घेऊन, वर्षानुवर्षं तुम्ही आधी घ्या, नाही नाही, तुम्ही घ्या. तुमच्या ट्राममध्ये चढले की तुम्ही आरशातून मान हलवायचात. सुप्रभात, फ्राऊ सोबोटा. सगळी ट्राम गप्प व्हायची. शिवी परवडली असती मला.

का बाहेर ठेवलं ते विचारू नका. तेव्हा विचारलं नाहीत, आता मीही सांगणार नाही.

काल आवाज पुन्हा आला. मी खिडकीतून ओरडले, ट्राउडे, पुरे कर. माफ करा. तुम्ही, पुरे करा.

अ. सोबोटा


वान्ने-आयकेल, १ डिसेंबर

ट्राउडे,

वीब्केचा फोन आला. तुझ्या मुलीचा आवाज मी ओळखला नाही. बाकाच्या टोकाला बसून रस पिणारी पोर मला आठवते, आता तिचीच पोरं मोठी आहेत. म्हणाली, "अन्नेमावशी, तुझी पत्रं आली. आईला वाचून दाखवली. तिला काही कळत नाही, पण ऐकताना शांत बसते. तू लिहीत राहा."

मी विचारलं, कळत नाही म्हणजे काय?

तिने सांगितलं. दोन-तीन वर्षं हळूहळू, आणि या उन्हाळ्यापासून एकदम. कुक्सहाफेनला समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात आहेस. चमचा कशासाठी असतो ते काही दिवस आठवतं, काही दिवस नाही. डॉक्टर म्हणतात तेवढ्या हेडरांमुळे असू शकतं, नसूही शकतं, इतक्या वर्षांनी छातीठोक कोण सांगणार. वीब्के हे सगळं अगदी सपाट आवाजात बोलली, पुष्कळांना सांगून झालेलं असावं.

मग म्हणाली, "एक गंमत सांगू? दिवस कलला की आई खुर्चीत ताठ बसते आणि मान पुढे हाणते. दोनदा. मग थांबते. मग एकदा. जेवण येईपर्यंत तेच."

मी विचारलं, कधीपासून. म्हणाली, शरद सुरू झाला तेव्हापासून.

फोन माझ्या हातातून पडला नाही, तसलं काही झालं नाही. मी तिला थंडीबद्दल विचारलं, तिने मला गुडघ्याबद्दल विचारलं. ठेवल्यावर मात्र स्वयंपाकघरात बसून राहिले, आणि अंगावर जो काटा आला तो जाईना. मेलेल्या माणसाचं भूत असतं हे समजू शकते. तू जिवंत आहेस, तिकडे सूप पितेस, आणि इथे आपल्या मैदानावर उड्या मारतेस. अगं, कुठेतरी एका जागी राहा ना.

आता सांगते तुला का बाहेर ठेवलं ते. वीब्के, तू वाचते आहेस, तूही ऐक.

त्याच्या आधीच्या सामन्यात त्यांच्या गोलकीपरची मूठ तुझ्या कानशिलावर बसली. तू उठलीस, अंगठा दाखवलास, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तू त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिलीस, त्यांच्यातलीच एक असल्यासारखी. पंचाला वाटलं मस्करी. हाफटाइमला मला विचारलंस, आपण पुढे आहोत का? मी सांगितलं. तू चहा प्यालीस, कप खाली ठेवलास आणि विचारलंस, आपण पुढे आहोत का? त्याच सुरात. वीब्के तुझ्या बुटाची नाडी बांधत होती.

तू ट्राम चालवायचीस. वीब्केचा बाप केव्हाच पसार झालेला. मी सगळ्यांसमोर डोकं हा शब्द उच्चारला असता तर संध्याकाळपर्यंत तो डेपोत गेला असता, आपल्यातल्या निम्म्या जणींचे नवरे तिथेच होते. पाय जड झाले म्हटलं की बाई रागावते, एवढंच. डोकं म्हटलं असतं तर ट्राम गेली असती. मी पाय म्हटलं. ट्राममधल्या माणसांचा विचार केला नाही, तोही खरं तर करायला हवा होता. पण माझ्यासमोर तू होतीस आणि नाडी बांधणारी ही पोर होती.

आणि तू काय केलंस? माझ्या नाकावर टिच्चून शेजारच्या गावाच्या संघात गेलीस, पाय जड नाहीत हे मला दाखवायला आणखी खेळलीस, आणि उडत राहिलीस. मी कुंपणाबाहेर उभी राहून पाहायचे. तू चेंडूला डोकं लावलंस की मी डोळे मिटून घ्यायचे. मी तुला वाचवायला जे बोलले त्यानेच तू अजून डोकं आपटत राहिलीस. हे घेऊन मी एवढी वर्षं झोपते आहे.

ट्राउडे, माझे सगळे गोल तुझ्या डोक्यातून निघाले. त्या कपाटातल्या सगळ्या ढाली, ते पेपरातले फोटो, सगळं तिथूनच आलं. आता तिथे काही उरलं नाही म्हणतात.

अन्ने


वान्ने-आयकेल, १४ डिसेंबर

ट्राउडे,

माझ्या संघात योर्डिस नावाची पोर आहे. लांबसडक, आगाऊ, चेंडू हवेत आला की कोपरं उगारून जाते. तुला आवडली असती. गेल्या आठवड्यात सरावात गोलपोस्टवर आपटली आणि उठून फार वेळ हसत राहिली. रविवारी सामना होता. मी संघ वाचून दाखवला, तिचं नाव नव्हतं, आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या तोंडात काय आलं माहीत आहे? पाय. अगदी जिभेवर येऊन बसलं होतं. दातांनी धरून ठेवलं म्हण.

म्हटलं, "डोकं. डोक्याला लागलंय तुझ्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत खेळायचं नाही."

ती भडकली. मला म्हणाली, "ट्रेनर, तू एक जळकी म्हातारी आहेस. तुझ्या वेळेला कोणी तुला बसवलं होतं का?" तिच्या आईने फोनवर माझी बिनपाण्याने केली. आम्ही तो सामना हरलो, तेही सडकून. मंगळवारी योर्डिस आली, फुगून बाकावर बसली, आणि थोड्या वेळाने पाय हलवत म्हणाली, "तू, कॉफी आहे का जरा?" एवढं होऊनही मला ‘तू’च म्हणाली, ट्राउडे. मला रडू फुटलं. तिला वाटलं ती जिंकली. वाटू दे.

काल खोदयंत्र आलं. फाशीचा खांब त्याने पहिल्या दणक्यात उपटला, मुळाशी काही नव्हतंच, नुसता गंज. चालवणाऱ्याने विचारलं, हे काय होतं? मी सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, बायकांना टांगायचे का इथे? एर्कान त्याच्यावर खेकसला. ट्रकमधून खांब गेला, दोरी मागे फरफटत होती. मला वाटलं, चला, सुटले.

आज दिवस कलला आणि आवाज आला. तिथे आता खड्डा आहे. खांब नाही, दोरी नाही, चेंडू नाही. धप्प, धप्प, आणि मग एक. मी दार लावून घरी आले, तर स्वयंपाकघरातही. भांडी जोरात आपटली, रेडिओ लावला. माझंही डोकं कामातून जातंय का, हा विचार मनात येतोच. हेडर मी फार मारले नाहीत, ते काम तू करायचीस. तरी जानेवारीत तपासून घेणार आहे. खरं सांगू, तपासणीत काही निघालं तर मला एवढं वाईट वाटणार नाही. मग निदान कळेल की ती तू नव्हतीस.

मी वीब्केला म्हटलं, येते. तिने गाडीची वेळ विचारली. मग म्हणाली, "मावशी, एक आधी सांगून ठेवते. आई आता सगळ्यांना तू म्हणते. डॉक्टरांना, पास्टरला, रस्त्यावरच्या माणसाला. तुलाही म्हणेल. मला माहीत आहे तुझ्यासाठी ते काय आहे. पण मनाला लावून घेऊ नकोस. त्यात आता काही नसतं."

मी म्हटलं, कळलं. पण खरं सांगते, मला आनंद झाला. शरम वाटली, तरी झाला. मला ते तू हवंय. तुला राग आठवत नाही म्हणून मिळणार असेल, तरी हवंय. फुकटचं असेल, खोटं असेल, तरी चालेल. एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं आणि परत यायचं. ते ऐकलं की हा आवाजही थांबेल असं मला वाटतं, का ते विचारू नकोस.

रविवारी येते. लोण्याचा केक करून आणते, बदाम लावलेला.

अन्ने


वान्ने-आयकेल, १८ डिसेंबर

फ्राऊ गोर्नी,

काल मी तुमच्याकडे आले होते. तुम्हाला आठवत नसेल, म्हणून लिहून ठेवते. वीब्के वाचून दाखवेल. तिला रडू आलं तर थांबा थोडं.

खिडकीबाहेर ओहोटीचा चिखल होता. टेबलावर नाताळआधीचं हिरव्या पानांचं चक्र, त्यात तीन मेणबत्त्या पेटवलेल्या. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात, निळा स्वेटर, बटणं उघडी, आणि मान पुढे हाणत होतात. दोनदा. मग थांबून एकदा. मी दारातच उभी राहिले. इतके आठवडे जे कानांनी ऐकलं ते डोळ्यांना दिसत होतं, आणि इथे त्याला आवाज नव्हता.

सिस्टर बोझेना गोळ्या घेऊन आली. तुम्ही तिला म्हणालात, तू, हात गार आहेत तुझे. पास्टर रविवारचा हात मिळवायला आले, तर म्हणालात, तू, काळ्या कोटवाल्या, पोट आत घे. ते बिचारे खरंच आत घेऊन उभे राहिले. वीब्के तुमच्यापाशी वाकली, तुमचे केस मागे सारले. तुम्ही तिच्याकडे बघून हसलात आणि विचारलंत, "तू कोणाची गं पोरी? छान दिसतेस." तिने आपलं नाव सांगितलं. तिला सवय झाली आहे म्हणाली. मला नाही वाटत झाली आहे.

मग ती बाजूला झाली आणि मी पुढे आले. गाडीत सगळं पाठ केलं होतं. ट्राउडे, मी अन्ने, बेकरीतली. केकचा डबा टेबलावर ठेवला.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मान हाणायची थांबली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवलेत, खुर्चीच्या हातांना धरून उठलात. बोझेना धावली, तिला तुम्ही कोपराने दूर केलंत. स्वेटरची बटणं लावलीत, एकेक करून, वरपर्यंत. मग हात पुढे केलात.

"फ्राऊ सोबोटा. तुम्ही उशीर केलात."

मागे वीब्केच्या तोंडून कसलासा आवाज निघाला आणि ती बाहेर गेली. नंतर तिने सांगितलं, उन्हाळ्यापासून तुम्ही कोणालाही नावाने हाक मारली नव्हती. पोटच्या पोरीलाही नाही.

माझं काय झालं ते सांगते. आधी तोंडात बसली. सगळ्या जगाला तू, चिखल तुडवत जाणाऱ्या माणसालाही तू, आणि मी एवढ्या लांबून केक घेऊन आले तर मला तुम्ही. मग तुमचा हात माझ्या हातात होता, आणि माझ्या डोक्यात हळूहळू शिरलं. सगळं गेलं. नावं गेली, चमचे गेले, लेक गेली. मी राहिले. तुमचा माझ्यावरचा राग तेवढा कुठेतरी घट्ट धरून बसला, आणि त्याच्या आत मी आहे.

तुम्ही हात सोडला नाहीत. आवाज खाली आणून विचारलंत, "रविवारी मला खेळवणार आहात का?"

संघाबाहेर ठेवलं त्या दिवशी तुम्ही हे विचारलं नव्हतंत. विचारलं असतंत तर काय झालं असतं, देव जाणे.

"नाही, फ्राऊ गोर्नी."

"पाय?"

"पाय ठणठणीत आहेत तुमचे. माझ्यापेक्षा बरे. तुमच्या डोक्याला लागलंय."

तुम्ही दुसऱ्या हाताने कपाळ चाचपलंत, लहान मुलाचा ताप बघतात तसं. बराच वेळ. मग म्हणालात, "मग तसं सांगायचं होतं ना."

"हो. तसं सांगायला हवं होतं."

तुम्ही मान डोलावलीत आणि बसलात. केक मागितलात. दोन तुकडे खाल्लेत, बदाम वेचून बाजूला ठेवलेत, नेहमीसारखे. बोझेनाने मला विचारलं, तू घेतेस का एखादा तुकडा? तर तुम्ही तिच्याकडे डोळे वटारलेत. "ए, या फ्राऊ सोबोटा आहेत. यांना तू म्हणायचं नाही." बोझेनाने माझी माफी मागितली. मी मान वर करू शकले नाही, केकवरच डोळ्यांतलं सगळं पाणी पडलं.

वीब्केने मला स्टेशनवर सोडलं. गाडी उभी करून म्हणाली, मावशी, पुढच्या वेळी आईकडे तू माग. रिवाज राहू दे बाजूला. ती देईल, तिचं मन नरम झालंय. मी पाहिलं ना, तुझा हात सोडत नव्हती. एवढी वर्षं तू त्याचीच वाट बघितलीस.

बघितली, हे खरं आहे. कालपर्यंत मी त्यासाठी काहीही दिलं असतं. पण आता मी ते मागणार नाही, फ्राऊ गोर्नी, आणि तुम्हीही देऊ नका. दर पंधरा दिवसांनी येईन. तुम्ही मला उशीर झाला म्हणा, संघाबाहेर ठेवल्याबद्दल सुनवा, हात मिळवताना बोटं मोडा. दर वेळी नव्याने विचारा, मी दर वेळी नव्याने डोकं म्हणेन. फक्त मला तू म्हणू नका. ज्या दिवशी म्हणाल, त्या दिवशी मी तुमच्याकडे कोणीच उरले नाही, असं मला कळेल.

आपली,
फ्राऊ सोबोटा